यमगर्णीला पाणी आलं तरी घरी पोचणारा मेंदू

आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नोव्हेंबर २०२५ मध्ये एक बातमी आली आणि तीन-चार दिवस तिथंच घोळत राहिली. ‘दोन भाषा बोलणाऱ्यांचा मेंदू लवकर म्हातारा होत नाही.’ खाली एका काकांनी लिहिलं, ‘म्हणजे आम्हा बेळगावकरांना काळजी नको की.’ त्याखाली एका बाईंनी विचारलं, ‘मग माझ्या आईला विसरण्याचा आजार का झाला? ती तर तीन भाषा बोलायची.’ त्यांना कुणी उत्तर दिलं नाही.

तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना, कारण आमच्या घरात आत्या आहे. आत्यानं शहापुरात चाळीस वर्षं भाजी विकली. गिऱ्हाईक बघून तिची भाषा बदलायची. कन्नड बाई आली की ‘बर्री, कुंदर्री’ म्हणून बसवून घ्यायची, तिच्याशी भाव करता करता मागं लुडबुडणाऱ्या पोराला मराठीत दटावायची, आणि पलीकडच्या अंडीवाल्याशी दख्खनी उर्दूत हिशेब चालू असायचा. तीच आत्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी एकाएकी गप्प झाली. विचारलं एक तर उत्तर भलतंच देऊ लागली. ‘वय झालं, साठी बुद्धी नाठी’ म्हणून आम्ही सगळ्यांनी ते सोडून दिलं. जवळजवळ दोन वर्षं. त्या दोन वर्षांबद्दल मला आजही वाईट वाटतं, म्हणून हे लिहितोय.

बातमीत नेमकं होतं काय

युरोपातल्या २७ देशांतल्या ८६,१४९ लोकांची माहिती शास्त्रज्ञांनी तपासली. प्रत्येकाचं वय दोन रीतींनी काढलं. एक जन्मतारखेवरून. दुसरं तब्येतीवरून, म्हणजे रक्तदाब, मधुमेह, चालणं-फिरणं, नजर, कान, स्मरण, शिक्षण हे सगळं बघून माणूस किती वर्षांचा ‘वाटतो’ त्यावरून. जिथं एकाहून अधिक भाषा बोलण्याचं प्रमाण जास्त, तिथं तब्येतीचं वय जन्मतारखेच्या पुढं पळाल्याचं कमी आढळलं. ‘नेचर एजिंग’ या नियतकालिकात हे छापून आलं.

बातमी खोटी नव्हती. पण त्यात कुणाच्या मेंदूचं स्कॅनिंग करून वय मोजलेलं नव्हतं, आणि ‘दोन भाषा येतात म्हणून विसरण्याचा आजार होणार नाही’ असं तर कुणीच म्हटलेलं नव्हतं. ते मथळ्यातून आणि मग फॉरवर्डमधून वाढत गेलं.

विसरणं कधी नेहमीचं, कधी आजाराचं

खडे बाजारात जाऊन कोथिंबीर आणायची राहिली, भाचीचं नाव ओठावर येऊन अडलं, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधला, हे सगळ्यांचं होतं. वय वाढेल तसं आठवायला वेळ लागतो, पण आठवतं.

काळजी करावी असं विसरणं वेगळं दिसतं. ज्या गल्लीत चाळीस वर्षं काढली तिथून घर सापडत नाही. जन्मभर भाकरी थापलेल्या बाईला पीठ मळल्यावर पुढं काय करायचं ते सुचत नाही. पैशाचा व्यवहार जमेनासा होतो, तोच प्रश्न दहा मिनिटांत चारदा येतो, स्वभाव पार बदलतो. अशा बिघाडामुळे रोजचं जगणं दुसऱ्याच्या आधाराशिवाय चालेनासं झालं की डॉक्टर त्याला डिमेन्शिया म्हणतात, मराठीत स्मृतिभ्रंश. हा एकच आजार नाही. ताप जसा बऱ्याच कारणांनी येतो तसा स्मृतिभ्रंशही येतो. अल्झायमर हे त्याचं सगळ्यात मोठं कारण. मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबणं हे दुसरं.

भारतात साठीपुढच्या लोकांत याचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. शहरापेक्षा खेड्यात जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. ‘हे शहरी, बसून खाणाऱ्यांचे आजार’ असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. आकडे उलटं सांगतात.

महामार्ग बंद झाला तर

मेंदूचं वजन साधारण १.४ किलो. शरीराच्या वजनात दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऊर्जेतली सुमारे वीस टक्के एकटा खातो. त्यात अंदाजे ८,६०० कोटी चेतापेशी असतात आणि त्या एकमेकींशी जोडलेल्या असतात. आठवण एखाद्या कप्प्यात चिठ्ठीसारखी ठेवलेली नसते. ती या जोडण्यांच्या जाळ्यात असते, म्हणून मेंदूकडे गावांना जोडणाऱ्या रस्त्यांसारखं बघितलं तर बरंच समजतं.

२०१९ चा आणि २०२१ चा पूर आपल्याला सांगायला नको. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी चढलं आणि पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. ज्याला तेवढा एकच रस्ता ठाऊक होता तो गाडीत बसून राहिला. ज्यानं जन्मभर या भागात ट्रक चालवला होता त्यानं संकेश्वरहून गडहिंग्लजकडं वळून बघितलं, तिथंही पाणी असेल तर आणखी कुठून तरी वाट काढली. पाणी दोघांसाठी सारखंच होतं.

मेंदूचंही असंच आहे. १९८८ साली अमेरिकेत काही वृद्धांच्या मृत्यूनंतर त्यांचे मेंदू तपासले, तेव्हा दहा जणांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा भरपूर सापडल्या. जिवंतपणी मात्र ही माणसं व्यवस्थित होती. पाणी आलं होतं, तरी ती आडवाटेनं घरी पोचत होती. पुढं असे अनुभव ठिकठिकाणी आले आणि शास्त्रज्ञांनी या आडवाटांना नाव दिलं. मराठीत आपण त्याला मेंदूचं राखीव बळ म्हणू. शिक्षण, डोकं चालवायला लावणारं काम, माणसांत वावर, नवीन काही शिकत राहणं, यांनी ते साठतं.

अल्झायमरचे बदल लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षं आधी सुरू झालेले असतात. म्हणजे सत्तरीत दिसणाऱ्या आजाराची सुरुवात पन्नाशीत झालेली असू शकते. चाळिशी-पन्नाशीतल्या माणसानं हा लेख आईवडिलांसाठी वाचताना स्वतःसाठीही वाचावा.

दोन भाषांचा यात संबंध काय

आपल्या सगळ्यात जवळचा अभ्यास हैदराबादचा आहे. डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये आलेल्या स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची माहिती २०१३ साली मांडली. त्यांतले ३९१ जण एकाहून अधिक भाषा बोलणारे होते. या लोकांत आजार एकभाषिकांपेक्षा सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला होता. शाळेचं तोंडही न बघितलेल्यांत हा फरक सहा वर्षांचा होता. या शेवटच्या आकड्यानं मला हलवलं, कारण तो फरक शिक्षणामुळे पडला असं म्हणायची सोयच उरत नाही. तीन-चार भाषा येणाऱ्यांना दोन भाषावाल्यांपेक्षा जास्त फायदा मात्र दिसला नाही.

असं का व्हावं? ज्याला दोन भाषा येतात त्याच्या डोक्यात दोन्ही सतत जाग्या असतात. आत्या कन्नड बाईशी बोलत असताना ‘वांगी’ हा शब्द मागं सारून ‘बदनीकाई’ पुढं आणत होती, आणि पोराकडं वळताना पुन्हा उलटं करत होती. पटकन निवडायचं, नको ते थोपवायचं, क्षणात रूळ बदलायचा. लक्ष एकाग्र करणारी मेंदूची यंत्रणा या कामात दिवसभर राबते. आपल्याकडे एसटीत, सोसायटीत, बाजारात हे इतकं सहज चालतं की कुणाला ते काम वाटतच नाही.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हैदराबादचा अभ्यास आजार झालेल्यांना मागं वळून विचारलेला आहे. निरोगी माणसं घेऊन वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवणारे अभ्यास झाले, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी दोन भाषांमुळे आजार टळल्याचं दिसलं नाही. त्यामुळे दोन भाषांनी आजार टळतो असं म्हणता येत नाही. तो उशिरा दिसू लागतो, असं मानायला मात्र आधार आहे. ग्रुपवरच्या त्या बाईंना माझं उत्तर असं: तुमच्या आईला आजार झाला याचा अर्थ तिच्या तीन भाषा वाया गेल्या असा नाही. कदाचित त्यांच्यामुळेच तिनं आणखी काही वर्षं तुम्हाला नावानं हाक मारली असेल.

‘मग कन्नड सक्ती बरोबरच म्हणायची का?’

हा प्रश्न आपल्याकडे येणारच, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून या भागातली मराठी माणसं आपल्या भाषेत कागदपत्रं मिळावीत म्हणून भांडत आली आहेत. हैदराबादचा अभ्यास त्या भांडणात कुणाच्याच बाजूनं साक्ष देत नाही. तिथं कुणाला एखादी भाषा लादून बघितली नव्हती. ती माणसं घरात एक, बाजारात दुसरी, अशी दोन्ही वापरत म्हातारी झाली होती.

माझ्या मते यातून उलट एक गोष्ट निघते. दुसरी भाषा शिकल्यानं बळ वाढतं ते पहिली शाबूत असताना. ज्या घरात मुलं मराठी वाचायची बंद झाली, तिथं दोनाची एकच भाषा होते. नातीला आजीनं मराठी वाचून दाखवावं, नातीनं आजीला कन्नड पाटी वाचायला शिकवावी, यात दोघींचाही फायदा आहे. बेळगावातलं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून चालू आहे. तिथल्या वर्तमानपत्रांच्या टेबलावर बसणारे पेन्शनर स्वतःच्या मेंदूसाठी किती करतात हे त्यांना कुणी सांगितलेलं नसेल.

कान

आता आत्याकडे परत येतो, कारण ज्या गोष्टीनं आमचे डोळे उघडले ती भाषा नव्हती.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ साली जगभरचे अभ्यास चाळून चौदा अशी कारणं मांडली, ज्यांवर इलाज करता येतो. ही सगळी दूर झाली तर स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू शकतील किंवा आजार लांबेल, असा त्यांचा हिशेब आहे. त्यांतली सगळ्यात वजनदार दोन कारणं, प्रत्येकी ७ टक्क्यांची: रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल आणि कमी ऐकू येणं.

कानाचा मेंदूशी काय संबंध, असं मलाही वाटलं होतं. रेंज नसलेल्या ठिकाणी मोबाइल ठेवला की नुसत्या रेंज शोधण्यात त्याची बॅटरी उतरते. कमी ऐकणाऱ्या माणसाचा मेंदूही तुटक आवाजातून शब्द जुळवण्यात दमतो, आणि ऐकलेलं लक्षात ठेवायला बळ उरत नाही. शिवाय मेंदूला बाहेरून येणारा खुराक कमी होतो. तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ऐकू येत नाही म्हणून माणूस बोलणं टाळतो. लग्नाला जात नाही, भजनाला जात नाही, कोपऱ्यात बसतो. मग घरचे म्हणतात, ‘ह्यांना काही कळत नाही आता.’

आत्याचं असंच झालं होतं. तिला ‘पाणी देऊ?’ म्हटलेलं ‘राणी येऊ?’ ऐकू यायचं आणि ती राणीबद्दल बोलू लागायची. कानाची तपासणी केली तेव्हा दोन्ही कानांनी निम्मंही ऐकू येत नाही हे कळलं. तिचं घर यंत्रमागाला लागून होतं, आणि तो खडखडाट तिच्या कानांवर सगळा जन्म पडलेला. वडगाव, खासबाग, शहापूरच्या मागवाल्यांनी, उद्यमबागेतल्या कारखान्यांत काम केलेल्यांनी पन्नाशीनंतर एकदा तरी कान तपासून घ्यावेत, असं मी हात जोडून सांगतो. आणि गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीपुढं तास-तास नाचणाऱ्या पोरांनाही सांगतो. आतल्या कानातल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

‘कानाला मशीन लावलं की आजार टळतो का?’ अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षं प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष २०२३ साली आला. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर श्रवणयंत्रानं फरक पडला नाही. पण ज्यांना आधीच धोका जास्त होता त्या गटात स्मरण आणि विचारशक्तीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. म्हणजे धोका जितका मोठा, तितका मशीनचा उपयोग मोठा असावा. आणि आजाराचं बाजूला ठेवलं तरी, माणसाला माणसांत परत आणायला ते पुरेसं आहे.

रक्तदाब, साखर, तंबाखू, हेल्मेट

इथं मी लवकर पुढं जातो, कारण हे सगळं आपण ऐकलेलं असतं, फक्त हृदयासाठी. मेंदूत गेलेल्या रक्तवाहिन्या केसासारख्या बारीक असतात. जादा दाबानं आणि साखरेनं त्या आधी खराब होतात. चौदा कारणांत रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा, तंबाखूचा धूर, जादा दारू, प्रदूषण, डोक्याला मार, नैराश्य, एकटेपणा, न चालणं, कमी शिक्षण आणि उपचार न केलेली कमी नजर ही आहेत. मोतीबिंदू ‘पिकू दे’ म्हणून वर्षानुवर्षं थांबणाऱ्यांनी हे शेवटचं पुन्हा वाचावं.

आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक बीपीच्या गोळीबाबत होते. ‘बरं वाटतंय’ म्हणून ती बंद केली जाते. बीपी वाढलेलं कळत नाही, दुखत नाही. वरचा आकडा १४० च्या ऐवजी १२० च्या खाली ठेवला तर स्मृतिभ्रंशाच्या आधीची अवस्था कमी लोकांना येते, हे अमेरिकेतल्या मोठ्या प्रयोगात २०१९ साली दिसलं. आपला आकडा किती असावा हे आपल्या डॉक्टरांनी ठरवायचं, पण गोळी आपल्या मनानं सोडायची नाही.

आणि हेल्मेट. डोक्याला बसलेला मार तीस वर्षांनी हिशेब मागू शकतो.

‘रोज शब्दकोडं सोडवतो, चालेल का?’

चालेल, आनंद मिळत असेल तर जरूर. पण कोडं सोडवून माणूस प्रामुख्यानं कोडी सोडवण्यात तरबेज होतो. मोबाइलवरचे ‘मेंदू तल्लख करा’ म्हणणारे खेळ विकणाऱ्या एका अमेरिकन कंपनीला पुराव्याविना दावे केल्याबद्दल २०१६ साली वीस लाख डॉलर मोजावे लागले. स्मरणशक्तीच्या बाटल्यांवर तर मी एक रुपयाही घालवणार नाही.

खरा फरक दिसला तो सगळं एकत्र केल्यावर. फिनलंडमध्ये १,२६० लोकांवर दोन वर्षं आहार, व्यायाम, डोक्याला काम आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष असा चौफेर प्रयोग झाला. त्याचा चांगला निकाल २०१५ साली आला. तसाच मोठा प्रयोग अमेरिकेत झाला आणि जुलै २०२५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ६० ते ७९ वयाची, बैठी सवय असलेली २,१११ माणसं. निम्म्यांना माहिती देऊन ‘तुमचं तुम्ही करा’ म्हटलं, दोन वर्षांत त्यांच्या सहा बैठका झाल्या. उरलेल्यांचे छोटे गट केले, ३८ बैठका घेतल्या, व्यायाम आणि आहार ठरवून दिला. स्मरण आणि विचारशक्ती दोन्हीकडं सुधारली, पण गटात भेटणाऱ्यांची जास्त. काहीच न करणारा तिसरा गट त्यात नव्हता, हे मात्र ध्यानात ठेवावं.

मला यात आपली गावं दिसतात. खानापूर-बेळगाव तालुक्यातलं पारायण घ्या. माणसं चालत देवळात येतात, उभं राहून टाळ धरतात, पाठ केलेलं म्हणतात, एकमेकांकडं बघून ताल सांभाळतात, न आलेल्याची चौकशी करतात. हरिपाठाचा मेंदूवर काय परिणाम होतो ते तिथं कुणी मोजलेलं नाही, म्हणून त्याचे आकडे मी सांगणार नाही. पण चालणं, आठवणं, ऐकणं आणि सोबत हे सगळं एका जागी असं फार थोड्या ठिकाणी मिळतं. बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी फिरणाऱ्यांनाही एवढंच सुचवीन, की एकट्यानं कानात वायर घालून फिरण्यापेक्षा कुणाला तरी बरोबर घ्या.

‘सगळं पाळूनही झालं तर?’

होऊ शकतं. ४५ टक्के टळू शकतात म्हणजे उरलेले ५५ टक्के आज आपल्या हातात नाहीत. वय आहे, अनुवंश आहे. हेल्मेट घालूनही अपघात होतो. म्हणून ज्याच्या घरात हा आजार आला त्याला ‘काळजी घेतली नाही’ असं कुणी म्हणू नये. रुग्णाला सांभाळणारी सून किंवा मुलगी आधीच पिचलेली असते.

तपासणी कुठल्या भाषेत

आत्याला पहिल्यांदा एका दवाखान्यात नेलं, तेव्हा तिला पुस्तकी कन्नडमध्ये आणि मग इंग्रजीत प्रश्न विचारले. आज तारीख किती? तिला तारीख सांगता आली नाही. ‘गौरी परवा यायच्या’ हे तिनं बरोबर सांगितलं, ते कुणी लिहून घेतलं नाही. कागदावर गुण कमी पडले. बाजारातली कन्नड अस्खलित असली तरी दवाखान्यातली कन्नड तिला परकी होती, आणि कानाला निम्मंच पोचत होतं.

हे तिच्या एकटीचं नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं भारतीय रुग्णांसाठी स्मरण तपासण्याचा जो संच बनवला, तो प्रथम हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळममध्ये आला. मराठी त्यात नव्हती. म्हणून मराठी म्हाताऱ्या माणसाला नेताना घरचं कुणी तरी आत बसावं आणि प्रश्न त्याच्या बोलीत विचारायची विनंती करावी. चष्मा, श्रवणयंत्र आणि चालू गोळ्यांची सगळी पाकिटं बरोबर न्यावीत. थायरॉइड आणि बी-१२ तपासायला सांगावं, कारण त्यांच्या कमतरतेनं, नैराश्यानं किंवा झोपेच्या गोळ्यांनीही माणूस विसरल्यासारखा वागतो, आणि ते बरं होऊ शकतं.

निम्हान्स ही बेंगळुरूची मन आणि मेंदूच्या आजारांची संस्था, नीती आयोग आणि कर्नाटक सरकार यांनी २०२२ साली कोलार, चिक्कबळ्ळापूर आणि बेंगळुरूत मेंदूच्या आरोग्यासाठी प्रायोगिक उपक्रम सुरू केला आणि मग तो इतर जिल्हा रुग्णालयांकडं वळला. आपल्या जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करावी. मनाच्या त्रासासाठी १४४१६ आणि ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ हे फुकट नंबर आहेत. फोन लागल्यावर आधी ‘मराठीत बोलू का?’ असं विचारा.

आत्याला मशीन बसून आता दीड वर्ष झालं. पहिले आठ दिवस ती ते काढून डब्यात ठेवायची. भांड्यांचा आवाज सहन होत नाही म्हणायची. मग रोज तासभर, मग दोन तास, असं वाढवत नेलं. काही गोष्टी ती खरंच विसरते, आणि डॉक्टर दर सहा महिन्यांनी बघतात. गेल्या आठवड्यात दारावर भाजीवाली आली. आत्यानं खिडकीतूनच तिला भाव विचारला, कन्नडमध्ये. मग माझ्याकडं वळून मराठीत म्हणाली, ‘दहा रुपये जास्त सांगतीय. थांब, घेऊ नकोस.’